चौथ्याऐवजी दुसरा

"कितव्या गियरात हुतास?"

"तिसऱ्यात."

"आन् टाकायचा हुता चौथा."

"हो."

"पडला कितवा?"

जयसिंग शिर्केने मान खाली घातली. साठी उलटलेला माणूस, पुण्यात स्वतःचं मोठं गॅरेज, हाताखाली मेकॅनिकांची फौज. पण जिथे तो काम शिकला त्या मुबारक वस्तादांच्या शेडमध्ये आज पाऊल टाकलं आणि तो परत पोऱ्याचा पोऱ्या झाला.

"दुसरा," तो म्हणाला.

वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

कोल्हापुरातल्या त्या शेडमध्ये त्यांनी उभी हयात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात घालवली होती. आता वयाची ऐंशी उलटली होती, आणि शेडचं दार कोणी आलं तरच उघडत होतं. भर वेगात वरच्याऐवजी खालचा गियर पडला की काय होतं, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. एरवी इंजिन चाकांना फिरवतं. त्या एका क्षणी चाकंच इंजिनाला फरपटत नेतात, त्याला झेपणार नाही इतक्या वेगाने. खाली उतरलेल्या व्हॉल्वला परत जागेवर बसायला वेळ मिळत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो. व्हॉल्व केसभर वाकला तरी कारभार आटोपला.

"लिमिटर होता," जयसिंग पुटपुटला. "इंजिनाला लाल रेघेच्या वर जाऊच देत नाही तो."

"लिमिटर पायाला आवरतोय. गियरवरच्या हाताला न्हाई."

जयसिंगने दाराबाहेर बघितलं.

बाहेर चिंचेखाली टेम्पोतून उतरवलेली गाडी उभी होती. दोन माणसांची, बुटकी, गडद निळी, जमिनीला पोट टेकतंय की काय असं वाटायला लावणारी. ती जयसिंगची नव्हती. त्याच्या मुलाची, केदारची होती. केदार नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा किल्ली बापाच्या हातात ठेवून म्हणाला होता, अधूनमधून फिरवत जा, बाबा, उभी राहून खराब होईल.

तेव्हा केदारची आई, शालन, होती. बापलेकाचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेली आणि बोलण्याचा रस्ताच बंद झाला. दर रविवारी केदारचा फोन येई. गाडी कशी आहे? ठीक. तुम्ही? ठीक. झोपत जा वेळेवर. हो. संपलं. एवढ्यासाठी जयसिंग सकाळपासून फोन चार्ज करून समोर ठेवत असे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि मारून टाकलं असतं तरी सांगितलं नसतं.

उद्या रविवार होता.

"त्येच्यानंतर चालू केलीस?" वस्तादांनी विचारलं.

"नाही. तिथंच बंद केली. टेम्पो बोलावला."

"त्येवढी अक्कल ऱ्हायलीया म्हणायची. आन् तुझ्याकडं येवढी यंत्रं हायती. तपासली न्हाईस?"

"तपासली."

"काय निगालं?"

"काही नाही."

"मग?"

जयसिंगने खांदे उडवले. "तुम्ही बघा."

वस्तादांना नवल वाटलं. हा गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. शेड सोडून गेला तो, वस्ताद, तुमच्या कानांचे दिवस गेले, असं तोंडावर सांगून. त्यानंतर सणासुदीला मिठाई पाठवली असेल, पण विचारायला म्हणून कधी फिरकला नव्हता. आणि आज स्वतःच्या यंत्रावरच त्याचा विश्वास उडाला होता.

"बॉनेट उघड," ते म्हणाले.

चिंचेखालीच दोघांनी मिळून प्लग काढले. पहिला पिस्टन अगदी वर आणला. तिथे आला की हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, सगळे व्हॉल्व मिटलेले असतात. मग प्लगच्या भोकातून नळीने हवा भरायची आणि ऐकत राहायचं. व्हॉल्व धड असेल तर हवा आत कोंडून राहते. वाकलेला असेल तर फटीतून निसटते आणि मागे सायलेन्सरमधून फुसफुसते.

"जा मागं. कान लाव."

परीटघडीचा शर्ट घातलेला जयसिंग तेलकट जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला.

…

"आलं काय ऐकू?"

"नाही."

दुसऱ्या पिस्टनला तसंच. तिसऱ्याला तसंच. चौथ्याला नळी लावून वस्तादांनी दाबाच्या काट्यावर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

"काय?"

"काही नाही."

"न्हाईच येनार. ठणठणीत हाय. नशीब काडलंस. प्लग बशीव आन् घरला जा."

हे वाक्य ऐकायला लोक लांबून लांबून यायचे. ऐकलं की कुणाचा जीव भांड्यात पडायचा, कुणी वस्तादांचे पाय धरायचे. जयसिंग मात्र तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. त्याला वाईट वाटलं होतं. आपल्याला वाईट वाटलंय हे कळल्यावर तर त्याला लाजच वाटली.

"परत बघा," तो म्हणाला.

"कशापायी?"

"एखादा तरी वाकला असेल. इतकी वर गेली होती… एखादा तरी."

"न्हाई."

"परत बघा, वस्ताद."

वस्ताद पुढून चालत मागे आले. त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्या गुडघ्यांत आता खाली बसायची ताकद नव्हती, म्हणून गाडीवर हात टेकला.

"जयसिंगा… मोडाया पायजे हुतं व्हय रं तुला?"

चिंचेची पानं गाडीवर पडत होती. जयसिंग एकेक वेचून बाजूला टाकत राहिला.

"मोडलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं," शेवटी तो म्हणाला. "चिडला असता. कसं झालं, कुठं झालं, तुम्ही काढलीतच कशाला… तासभर तरी बोलला असता."

"आन् का काडलीस?"

"घर खायला उठलं होतं."

"मग त्येच सांग की त्येला."

जयसिंग हसला, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. "मी बाप आहे त्याचा. शालन गेली तेव्हासुद्धा पोरासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आणि आता फोनवर हे सांगू? एकदा तोंड उघडलं तर मला थांबता येणार नाही, वस्ताद. तो तिकडं एकटा. काय वाटेल त्याला? म्हातारा मोडला, असंच वाटेल."

…

 वस्ताद आले तसे पुढे गेले. चौथ्या पिस्टनची नळी अजून तशीच लावलेली होती.

"कान लाव परत."

"आता कशाला? झालं ना तपासून."

"लाव."

जयसिंगने कान लावला. उघड्या बॉनेटमुळे पुढे वस्ताद काय करताहेत ते त्याला दिसत नव्हतं. हवेचा दाब कमी केल्याचा आवाज आला. पान्याचा एक खडखडाट झाला. मग काही नाही…

आणि अचानक सायलेन्सरमधून हवेचा लांबलचक फुसकारा निघून त्याच्या गालावर आला.

जयसिंग दचकून मागे झाला. "गळतोय," तो म्हणाला, आणि आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही. "गळतोय, वस्ताद. वाकलाय एक."

"न्हाई."

"नाही कसा? माझ्या कानानं ऐकलं मी."

तो उठून पुढे आला. वस्तादांच्या हातात लांब दांड्याचा पाना होता, इंजिन हाताने फिरवायचा. पिस्टन वरून खाली उतरला होता.

"फिरीवलं मी," वस्ताद म्हणाले. "व्हॉल्व उगाडलाय नुसता."

जयसिंग पान्याकडे बघत राहिला. मग सायलेन्सरकडे बघितलं. तिकडून अजून हवा येतच होती.

"पण आवाज तर…" तो म्हणाला. "मोडल्यावर येतो तसाच आला."

वस्तादांनी हवा बंद केली. फुसकारा थांबला. त्यांनी पाना फडक्याने पुसला आणि शेडच्या बाहेरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"बाहीरनं ऐकताना मोडल्याचा आन् उगाडल्याचा आवाज सारकाच येतोय, जयसिंगा."