सरदारांचे साप आणि ठकूची मडकी

“साप हलणार नाहीत. आवे हलवा!”

उदेभान महाराजांनी हुकूम सोडला आणि सोनवळ बंदरातल्या कुंभारआळीचं धाबं दणाणलं. पौर्णिमेच्या आत अख्ख्या आळीनं मडकी भाजायचे आवे मोडून खाडीपलीकडच्या कातळावर जायचं! कातळावर मूठभर माती नाही. मडकी काय हवेची घडवायची?

झालं होतं असं. दोन वर्षांमागे एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानं महाराजांना परमुलखातला पट्टेदार साप नजर केला. महाराजांनी तो पाळला. महाराजांनी पाळला म्हणून सतरा सरदारांनी पाळले. कोणाचा हिरवा, कोणाचा पिवळा, कोणाचा मनगटाएवढा जाड. हौस सरदारांची, पिंजऱ्याला कडी लावायचं काम नोकरांचं. नोकर विसरला की साप पसार! आणि ऊब शोधत तो येणार कुठे? कुंभारआळीत, आव्याच्या कोमट राखेत. त्या दिवशी सकाळी ठकू कुंभारणीनं राखेत फावडं घातलं, तर महिन्यात तिसऱ्यांदा फावड्यावर साप!

तिनं तो मडक्यात कोंडला, झाकण घट्ट बांधलं आणि मडकं डोक्यावर घेऊन सापांवर कायदा मागायला तडक दरबार गाठला होता. त्या तक्रारीवर महाराजांचा न्याय हा असा!

“अरे, ही तर आमची पोपटी!” सरदार निंबाजीराव झाकण जरा उचलून मडक्यात डोकावत म्हणाले. “घाबरतेस काय ग? ती काही करत नाही.”

“ते तिला ठाऊक आहे का, सरकार?”

दरबारात खसखस पिकली. महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

“सापांवर कायदा हवा म्हणतेस? कुत्र्यांवर आहे का?”

“कुत्रा चावण्याआधी भुंकतो तरी, महाराज! आपला नाग, आपलं फुरसं आम्ही ओळखतो. राजवैद्य त्यावर औषधही देतात. या पाहुण्यांचं तर त्यांना नावही ठाऊक नाही. औषध कशावर देणार?”

राजवैद्य एकदम छताचं नक्षीकाम बघायला लागले.

महाराज हट्टी. त्यांनी मिशीला पीळ भरला. “मग तूच सांग कायदा! पण ऐक. साप पाळायला बंदी नको. दंड नको. शिपाई कोणाच्या घरात शिरता कामा नये. आणि इथल्या एकाही सरदारानं हरकत घेता कामा नये. एवढं सांभाळून सोनवळातले परदेशी साप घालवून दाखव. जमलं तर आवे जागच्या जागी. उद्या सकाळी ये. नाही जमलं तर...”

“कातळ,” ठकू म्हणाली आणि घरी आली.

दारातच सासूनं तोंड सोडलं. “तुझ्या जिभेनं आळी उठवलीस बाई!”

“उठवली नाही, कामाला लावणार आहे. आत्याबाई, सतरा मोठी मडकी काढा. शंकराच्या गळतीला पाडतो तशी भोकं पाडायचीत झाकणांना, पाच-पाच. आणि तो थोरला रांजण इकडे द्या. गेरू कुठंय?”

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब आणि सरदारणीही येऊन बसल्या.

“कायद्याआधी एक विचारते,” ठकू म्हणाली. “निंबाजीराव सरकार, तुमची पोपटी चावते?”

“छे! लोण्याचा गोळा आहे!”

“तुम्हाला ओळखते?”

“पोटच्या लेकीसारखी!”

“माझा तर हाक मारली की येतो!” दुसरा सरदार ओरडला.

“आमचा पट्टेदार आमच्या नजरेच्या धाकात असतो,” महाराजांनीही छाती फुगवली.

“दिवाणजी, एवढं लिहून घ्या,” ठकू म्हणाली. “आणि आता माझा कायदा लिहा. ज्याला जो साप पाळायचा तो त्यानं खुशाल पाळावा. मात्र त्यानं रोज सापाच्याच खोलीत निजावं. खोलीची दारं-खिडक्या बंद, पिंजऱ्याचं दार उघडं!”



“महाराज, हे म्हणजे जरा...” निंबाजीराव घाम पुसू लागले.

“हरकत आहे, सरकार? लोण्याच्या गोळ्याला?”

“हरकत... नाही. पण मला झोपेत पाय झाडायची सवय आहे!”

महाराजांनी डोळे बारीक केले. “बंदी नाही, दंड नाही, शिपाई नाही. पण कायदा पाळला जातो की नाही, हे बघणार कोण?”

“घरोघरच्या बाईसाहेब! रात्रभर त्याच खोलीत राहून!”

पडद्याआड बांगड्यांचा एकच किणकिणाट झाला. पाठोपाठ राणीसाहेबांचा आवाज आला, “आमचा मेणा तयार करा. आम्ही आजच माहेरी निघालो!”

“सोडून देतो मी पोपटीला!” निंबाजीराव उठले.

“सोडायची नाही!” ठकू गरजली. “सोडलीत की पुन्हा माझ्या राखेत! साप आणणाऱ्या व्यापाऱ्याचं जहाज बंदरात उभं आहे, उद्याच्या भरतीला सुटतंय. जिथून आली तिथे धाडा. बाहेर माझी गाडी उभी आहे. मडकं न्या, साप घाला, झाकण बांधा. वारा लागायला भोकं पाडलीत.”

सरदारांची झुंबड उडाली. मागचा पुढच्याचा अंगरखा ओढतोय, पुढचा मडक्याला मिठी मारतोय. घटकाभरात सतराच्या सतरा मडकी गेली.

महाराज एकटेच सिंहासनावर उरले. “आणि आम्ही? आम्ही राजे आहोत!”

“म्हणून तर!” ठकूनं गाडीतला रांजण आणवला. त्याच्या पोटावर गेरूनं ठसठशीत राजचिन्ह काढलं होतं. “त्यांना मडकी, महाराजांना रांजण!”

“हे तू कालच रंगवून ठेवलंस? आमचा साप जाणार याची एवढी खात्री?”

“सापाची कुठली खात्री, महाराज? राणीसाहेबांची होती!”

पडद्याआडून हसू फुटलं. महाराजांनी एकवार पडद्याकडे पाहिलं, एकवार रांजणाकडे पाहिलं, आणि असे गदगदा हसले की मुकुट सावरावा लागला.

“दिवाणजी, सनद करा! कुंभारआळी यापुढे कोणी हलवायची नाही, आम्हीसुद्धा नाही. राजवाड्यातलं एकूण एक मडकं तिथलंच येईल. आणि ठकूला सोन्याचं कडं!” मग जरा पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, “ठकू, तो साप रांजणात घालायचा कोणी?”

“आपणच, महाराज! तो आपल्याच नजरेच्या धाकात असतो ना?”