एका पंगतीतले दिवे

फट्ट! माडीवरचा एक बल्ब उडाला, जिन्याखालच्या बोर्डातला खटका खाडकन पडला आणि लखलखपूरचा अख्खा राजवाडा अंधारात बुडाला. हे रोजचंच झालं होतं. एक बल्ब मरायचा आणि शंभर दिवे त्याच्यामागं सती जायचे!

आज मात्र नको ते घडलं. दीपकर्ण महाराज नेमके मिशांना कलप लावत होते. अंधारात त्यांनी कलपाची समजून राणीसाहेबांच्या अळत्याच्या वाटीत बोटं बुडवली. दिवे आले तेव्हा आरशात एक मिशी काळी आणि एक लालभडक!

"बोलवा त्या वायरमनला!"

केरबा वायरमन धावत हजर झाला. त्याची बायको गोजरा राजवाड्यात वाढपीण होती. ती ताकाचा तांब्या घेऊन दाराआड उभी राहिली आणि कान टवकारून ऐकू लागली.

"महाराज, हे जुने पिवळे बल्ब," केरबा म्हणाला, "मरता मरता आत ठिणगी पडते अन् भसकन वीज ओढतात. खटक्याला वाटतं आग लागली, म्हणून तो पडतो. पांढरे दिवे लावू का?"

"खबरदार! पांढऱ्या उजेडात माझा कलप जांभळा दिसतो!"

"खटकाच काढून फेकू या!" प्रधानजी म्हणाले.

"म्हणजे आम्ही आगीत जळून मरावं?" पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या.

"मग दालनागणिक वेगळा खटका बसवतो," केरबा म्हणाला.

महाराज ताडकन उठले. "एक राज्य, एक राजा, एक खटका! आजोबांनी बसवलाय तो. आज दोन खटके मागतोस, उद्या दोन राजे मागशील! ते काही नाही. परवा राजकन्येला बघायला पाहुणे येताहेत. बल्ब हेच, आणि त्यांच्यासमोर अंधार झाला तर..."

"मिशी भादरून गाढवावरून धिंड!" प्रधानजींनी वाक्य पुरं केलं.

"वा! गाढव आजच आणून बांधा!"

दाराआड गोजरानं तांब्या खाली आदळला. केरबाची ती झुपकेदार मिशी बघूनच तर तिनं लग्नाला होकार दिला होता!

घरी केरबा डोक्याला हात लावून बसला. "गोजरे, संपलं सगळं! ते गाढव माझ्याकडं बघून हसत होतं गं!"

"गाढवाचं सोडा. आपलं घोडं कुठं पेंड खातंय ते सांगा."

"सांगायचं काय? काम माझ्या हातचं आहे. महाराज हुकूम देत नाहीत."

"एवढंच ना? मग हुकूम मी आणते. तुम्ही वायरा कापून तयार ठेवा!"

दुसऱ्या दिवशी दरबारची पंगत बसली. पुरणपोळ्या आणि आमरस! राजवाड्याचा जुना नेम असा की, पंगतीतला एक उठला की सगळ्यांनी उठायचं, मग ताटात काही का असेना. म्हणून मंडळी मांडी मोडली तरी हलायची नाहीत.

गोजरानं प्रधानजींना खास पोळी वाढली. आत पुरणाऐवजी लवंगी मिरचीचा ठेचा! तिचा चेहरा कसा, देवळातल्या गाईसारखा.

प्रधानजींनी मोठा घास घेतला. डोळे फिरले, कान लाल झाले आणि "मेलो, मेलो!" करत ते थेट हौदाकडं पळाले.

महाराजांनी आमरसाची पहिली वाटी नुकती ओठाला लावली होती. शास्त्रीबुवा खाकरले. "महाराज, पंगत उठली. ताटावरून उठावं."

"काय? त्याला ठसका लागला म्हणून मी उपाशी उठू?"

"नेमच आहे सरकार," गोजरा वाटी उचलत म्हणाली. "एक राज्य, एक राजा, एक पंगत!"

"चुलीत गेला तो नेम! वाटी ठेव खाली! आजपासून पंगती वेगवेगळ्या. ज्याला उठायचं त्यानं उठावं, बाकीच्यांनी जेवावं. हा माझा हुकूम आहे!"

"राजवाड्यातल्या सगळ्यांना, सरकार?"

"सगळ्यांना!"

"मग त्या वरच्यांनाही?" गोजरानं छताकडं बोट केलं. "ते बिचारे बल्बही एकाच पंगतीत बसलेत. एक उठला की सगळे उपाशी उठतात!"

महाराजांचा हात वाटीतच राहिला. "पण दोन खटके म्हणजे दोन राजे!"

"असं कसं सरकार? चार पंगती मांडल्या म्हणून यजमान का बदलतो? आजोबांचा मोठा खटका आपल्या जागी गादीवर. त्याच्या हाताखाली धाकटे, आपल्या हाताखाली मानकरी असतात तसे. एक बल्ब मेला, तर त्यासाठी राजानं कशाला पडायचं?"

राजानं कशाला पडायचं, हे महाराजांना फारच पटलं. "बसवा धाकटे खटके!"

केरबा रात्रंदिवस खपला. जेवणघरात तर त्यानं दिव्यांच्या दोन पंगती केल्या, एकाआड एक, आणि प्रत्येकीला वेगळा धाकटा खटका.

पाहुणे जेवायला बसले. मुलाचे वडील म्हणाले, "स्थळ आम्हाला..." आणि फट्ट! बल्ब उडाला! गोजरानं डोळे गच्च मिटले.

उघडले, तर एकाआड एक दिवे विझलेले आणि उरलेले ऐटीत जळत होते.

"...पसंत आहे," पाहुण्यांनी वाक्य पुरं केलं आणि आमरस मागितला. जिन्याखाली मोठा खटका ढिम्म हलला नव्हता!

पाहुणे गेल्यावर महाराजांनी गोजराला बोलावलं. "सगळं झकास झालं. पण एक सांग, त्या दिवशी प्रधानजींच्याच पोळीत ठेचा कसा आला?"

"सरकार," गोजरा हात जोडून म्हणाली, "पंगत कशी उठते हे दाखवायला एखादा बल्ब उडवावाच लागतो ना!"

महाराज असे खदखदून हसले की मिशांचा कलप ओघळून हनुवटीवर आला. "बांधलेलं गाढव आणा रे! त्याच्यावर पैठणी, चांदीची ताटं आणि आंब्याच्या पेट्या लादा आणि हिच्या घरी पोचवा!"

गाढव निघालं. पुढं केरबा मिशीला पीळ देत, शेजारी गोजरा, आणि गाढवाचं दावं धरून, अजून हाशहुश करणारे प्रधानजी!