ठकूची चांदीची शिटी

आमच्या हेळवाडीला गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या एका अंगाला उंच कडा. श्रावण-भादव्यात त्या कड्यावरून धुकं असं चढायचं की गुराख्याला हातातली काठी दिसायची नाही. म्हणून गुरांमागे जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या गळ्यात शिटी असायची. धुकं आलं की पोरं शिटी फुंकायची, आणि घरची माणसं त्या आवाजावर जाऊन त्यांना घेऊन यायची.

शिट्या लुमाजी तांबट करायचा. तो आधी पोराकडे बघायचा आणि मग धातू निवडायचा, असं म्हणतात. धांदरटाला पितळ, कारण ते पडलं तरी फुटत नाही. जपून वागणाऱ्याला कासं. ते ठिसूळ, पण त्याचा आवाज धुकं चिरत जातो. लोखंडाला तो हात लावायचा नाही, पावसात ते गंजतं. तांब्याचा आवाज जाड, तो झाडीतच अडकतो, असं तो सांगायचा. शिटी झाली की पोराला कड्यावर पाठवायचा आणि स्वतः अंगणात उभा राहून कान द्यायचा. ऐकू आली नाही, तर ती शिटी पुन्हा मुशीत जायची.

लुमाजीला एकच मुलगी, ठकू. तिची आई भिवरा बाळंतपणातच गेली होती. भिवराच्या पायातले चांदीचे तोडे लुमाजीने फडक्यात बांधून ठेवले होते. ठकू वासरामागे जायच्या वयाची झाली, तेव्हा तिने ते तोडेच बापापुढे ठेवले.

“बा, माझी शिटी याची कर.”

“चांदी मऊ असते गं. तिचा आवाज लांब जात नाही.”

“मला कुठं लांब जायचंय?”

लुमाजीला नाही म्हणवलं नाही. ती शिटी इतकी गोड वाजायची की रानातली पाखरं गप्प होऊन ऐकायची, असं म्हणतात. पोरं मात्र चिडवायची, “ठकूची शिटी म्हणजे चिमणीला आलेली शिंक.” ठकूही हसायची. ही एवढी एकच शिटी लुमाजीने कड्यावर पाठवून पारखली नाही. काय ऐकू येईल, ते त्याला ठाऊक होतं.

मग एका भादव्यात गौरी तोंडावर आल्या. गावाची चेपलेली भांडी लुमाजीकडे आली, आणि तो सकाळपासून ठोकत बसला. त्या दिवशी धुकं दुपारीच चढलं. पोरांनी शिट्या फुंकल्या, घरच्यांनी जाऊन त्यांना आणलं. शेजारची म्हाळसाकाकू लुमाजीच्या दारात आली.

“लुमाजी, हात थांबव जरा. ठकू आली का?”

हातोडा थांबला. मागून आलेली पोरं म्हणाली, “ती वासरू शोधायला मागं राहिली. केव्हाची शिटी वाजवतीय. तुम्हाला ऐकू नाही आली?”

लुमाजी अंगणात आला. कड्याच्या बाजूने एक बारीक सूर आला, दमल्यासारखा. मग तोही आला नाही.

वासरू कड्याच्या काठाशी सापडलं. ठकू सापडली नाही.

लुमाजीने पुन्हा हातोडा धरला नाही. धुकं आलं की तो दारोदार जायचा आणि हात जोडायचा, “जरा गप राहा. ती मऊ वाजते.” मग मुसळं थांबायची, जाती थांबायची, आया रडती पोरं छातीशी धरायच्या. कुणी त्याला वेडा म्हणायचं. पण म्हणणाराही थांबायचा.

अशीच काही वर्षं गेली. एकदा सारा गाव गप्प असताना कड्यावरचा धबधबासुद्धा थांबला, असं म्हणतात. पाणी होतं तिथेच अधांतरी राहिलं. त्या शांततेत साऱ्या गावाने तो बारीक सूर ऐकला. “आलो गं,” लुमाजी म्हणाला आणि धुक्यात चालत गेला. मग पाणी पुन्हा कोसळलं. लुमाजी परत आला नाही.

आता हेळवाडीला रस्ता आहे, पिठाची गिरणी आहे. तरी धुकं चढलं की गिरणी बंद होते, टेम्पोवाला इंजिन थांबवतो, शाळेत बाई शिकवता शिकवता गप्प होतात. याला गावात ‘लुमाजीची वेळ’ म्हणतात. ज्यांचं पोर बाहेर असतं, ते अंगणात येऊन उभे राहतात. आणि ज्यांची सगळी पोरं घरात असतात, तेही येतात, ठकूसाठी.