भागरथा सिस्टरचा ओला माठ

लई वर्षं झाली. पळसखोरीत वीज यायची होती आणि वैशाखात उंबऱ्यावर पाय टेकला तरी पोळायचा, तेव्हाची ही गोष्ट. गावात भागरथा गेडाम नावाची नर्स आली. तिच्यासोबत काचेच्या इवल्या कुप्या आल्या. बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं, तर ते थांबवणारं औषध त्यांत होतं.

गावाला त्या कुप्यांचं भारी अप्रूप. लोकांनी त्या वाजतगाजत मातामायच्या देवळात नेल्या. चैत्र होता. गाभाऱ्यात नवसाच्या ज्योती अखंड जळत होत्या, दगडी भिंती भट्टीसारख्या तापल्या होत्या. थंड जागी ठेवा, असं भागरथाने बजावलं होतं. पण देवीच्या पायांहून थंड जागा गावाला ठाऊकच नव्हती.

मग गावातली कौसल्या बाळंत झाली. रक्त थांबेना. भागरथाने सुई दिली, पुन्हा दिली. औषध पाण्यासारखं नितळ दिसत होतं, पण त्यात जीव उरला नव्हता. कौसल्या गेली.

“देवीची मर्जी,” लोक म्हणाले.

भागरथाला ते ऐकवेना. औषध नसतं, तर बैलगाडी जुंपून बाईला तालुक्याला तरी नेलं असतं. मेलेल्या औषधाच्या भरवशावर सगळे थांबून राहिले होते.

त्याच दिवसांत पुजारी संभाबुवांची लेक सुमित्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भागरथा थेट देवळात गेली.

“बुवा, त्या कुप्या फेका. मी नव्या आणते. इथं ठेवायच्या नाहीत.”

“देवीपाशी ठेवलेली वस्तू नासते म्हणता, सिस्टरबाई? मंग परसादबी नासत असन!”

“तुमचा पेढा ठेवून पाहा ज्योतीपाशी अन् सांजेला तुम्हीच खा. मग पोटाचं औषध मागायला माझ्याकडंच याल.”

बायका पदराआड हसल्या. बुवा संतापले. पण ओसरीवर बसलेल्या लेकीकडे नजर गेली आणि त्यांनी स्वतःच कुप्या गाभाऱ्यातून बाहेर काढल्या.

भागरथा तालुक्याला गेली. मोठ्या माठात लहान माठ, मधे ओली वाळू, आत कुप्या, वरून भिजवलेलं पोतं, असं ओझं डोक्यावर घेऊन परत निघाली. वाटेतली नदी आटलेली. पोतं वाळत चाललं. जवळ तांब्याभर पाणी उरलं होतं आणि घसा कोरडा पडला होता. तिने ते सगळं पाणी माठावर ओतलं.

असं म्हणतात, की तेव्हा आभाळातून घारी उतरल्या आणि पंखाला पंख लावून तिच्यावर फेर धरत गावापर्यंत आल्या. संभाबुवा मरेपर्यंत सांगायचे, “सारं रान उन्हात होतं, अन् ती एकटी सावलीत चालत होती.”

सुमित्राच्या कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली आणि रक्त लोटलं. भागरथाने सुई दिली. रक्त थांबलं. सुमित्राने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे भागरथाही भिंतीला टेकून पाणी प्याली.

आता गावच्या आरोग्य उपकेंद्रात फ्रिज आहे. वीज मात्र नेमकी वैशाखातच जाते. गेली, की पळसखोरी कुणाच्या हुकुमाची वाट पाहत नाही. बुवांच्या घरचा माणूस देऊळ उघडं टाकून आधी उपकेंद्राकडे पळतो, बाया ओली पोती घेऊन येतात, कुप्या माठात जातात. आणि माहेरी आलेली प्रत्येक लेक त्या माठावर तांब्याभर पाणी ओतते. कितीही तहान लागलेली असो, आधी माठाला, मग स्वतःला.