मोटारीखालची जमीन

राजासाहेबांच्या मोटारीने तिसरी जमीन खाल्ली!

पहिली संगमरवराची. मोटार आत शिरली आणि लाद्या पापडासारख्या फुटल्या. दुसरी सागवानी फळ्यांची. तेल पिऊन त्या काळ्याठिक्कर पडल्या आणि मधल्या दोन फळ्या चाकांखाली कडाडल्या. तिसरी घोटून घोटून आरसा केलेल्या चुन्याची. तिच्यावर मोटारीचं तेल गळलं आणि राजासाहेबच घसरले. भर दरबारासमोर, सपशेल! हसायची कुणाची छाती झाली नाही, पण खोकला मात्र सगळ्यांना आला.

कंबर चोळत राजासाहेबांनी हुकूम सोडला. "मोटारखान्याला अशी जमीन हवी, जी फुटणार नाही, घसरवणार नाही, डाग धरणार नाही आणि वर्षानंतरही नवी दिसेल! ती मिळेपर्यंत मोटार बाहेर राहील!"

बाहेर म्हणजे कुठे? तर राजवाड्यामागच्या खळ्यावर. गावाची मळणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच व्हायची. महिना झाला तरी मोटार आपली खळ्यावर ठाण मांडून. कडेला ज्वारीच्या कणसांचे ढीग आणि वर जमू लागलेले अवकाळी ढग. कणीस भिजलं की दाणा काळा पडतो, मग वर्षभर गावाने खायचं काय?

शेवटी गावचे पंच खळ्यावर हात जोडून उभे राहिले. राजासाहेब दरबारासह आले आणि मोटारीला टेकून म्हणाले, "तुमची ज्वारी थांबेल. आमची मोटार थांबणार नाही!"

"सरकार, मोटार तर महिनाभर थांबलीच हाय की!" मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. केरू मळेकऱ्याची लेक हौसा. डोक्यावर पाटी, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले. केरूने डोळे वटारले. तिने ते पाहायचं टाळलं.

"कोण गं तू?" दिवाणजी खेकसले. "सरकारांपुढे तोंड वर करून बोलतेस?"

"सरकारांना पायजे तशी जमीन हाय माझ्याकडं, म्हणून बोलते."

राजासाहेब सावरून उभे राहिले. "किती दिवसांत तयार होईल?"

"तयारच हाय."

"कुठे?"

"मोटारीखाली!"

दिवाणजींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण राजासाहेब जितके हट्टी, तितकेच चौकस. त्यांनी मोटार चार हात पुढे घ्यायला लावली आणि सगळे वाकून बघू लागले. ना भेग, ना खड्डा, ना डाग! राजासाहेबांनी जोरात टाच आपटली. जमिनीला काही झालं नाही, टाच मात्र दुखली.

"तेल तर रोज गळतं. डाग गेला कुठे?"

"रोज सकाळी मी मोटारीखाली शिरते, सरकार. तेलकट माती खुरप्यानं काढते, ताजी भरते, चोपते, वरून सारवते. आमचं खळं हाय. त्याचे हाल बघवत न्हाईत मला."

"पण शेण!" दिवाणजी ओरडले. "विलायतेहून आलेल्या मोटारीखाली शेण?"

"सरकारबी विलायतेहून आलं तवा आईसाहेबांनी सारवलेल्या अंगणातच ओवाळलं व्हतं. तवा तुमी न्हाई वरडला, दिवाणजी!"

राजासाहेबांनी मिशीत हसू दडवलं. "बरं, वर्षभराने ही नवी कशी दिसेल?"

"संगमरवर एकदाच नवा असतो. ही दर आठ दिसांनी नवी व्हतीया. वर्षानं या, दोन वर्षांनी या, गेल्या आठवड्याचीच दिसंल!"

"वा! पसंत!" राजासाहेबांनी टाळी वाजवली. "मोटार परत जागेवर घ्या. आजपासून हे खळंच आमचा मोटारखाना!"

पंचांचे चेहरे उतरले. "करायला गेले गणपती आणि झाला मारुती," केरू पुटपुटला.

हौसाने मात्र पाटी खाली ठेवली. "ठेवा की, सरकार. फकस्त मधोमध ठेवा. मळणीला आमाला तिवडा लागतोच."

"तिवडा म्हणजे?"

"खळ्याच्या मधला खांब. त्याला बैल बांधायचे आन् कणसांवरनं गोल फिरवायचे. ही जमीन घट्ट झाली ती बैलांच्या खुरांनी. एक सुगी मळणी चुकली की हिला भेगा पडत्यात. तवा आठ बैल मोटारीलाच बांधू. धुरळ्यानं मोटार जरा पिवळी व्हईल. शिंगं काचेला लागली तर बैलांना बोलू नका. सरकारी काच कंची, ते त्यांना कुठनं कळायचं?"

राजासाहेबांनी चकाकत्या काचेकडे पाहिलं. मग झाडाखाली रवंथ करणाऱ्या आठ बैलांच्या शिंगांकडे पाहिलं.

"मोटार हलवा!" ते घाईने म्हणाले. "आणि हौसा, मोटारखान्यात अशीच जमीन तू कर. तुडवायला आमच्या गोठ्यातले बैल ने. हे खळं कायमचं गावाचं, तशी सनद आजच लिहून देतो. आता तुझं बक्षीस माग."

"मोटारखान्यामागं संगमरवराच्या फुटक्या लाद्या पडल्यात, त्या द्या. नदीवर आमाला धुणं धुवायला व्हतील."

"अगं, पण ओल्या संगमरवरावरून पाय घसरेल की!"

"घसरंना का, सरकार! तिथं बघायला दरबार नसतो!"

राजासाहेब असे खदखदून हसले की पोट धरून खळ्यावरच फतकल मारून बसले! आणि त्यांच्या मागे, महिनाभर खोकत राहिलेला अख्खा दरबार एकदाचा मोकळेपणी हसला.