पडद्याच्या मागची बाजू

“मग, हासली का ती?” बाबालाल मास्तरांनी विचारलं.

“कोण?”

“अनसूया. तू थोबाडीत दिल्यावर.”

सर्जेराव तंबूची खुंटी ठोकत होता. घट्ट बसलेली खुंटी त्याने उगाच आणखी दोनदा ठोकली.

“न्हाई हासली,” तो शेवटी म्हणाला.

“पिक्चरमधली तर हासती की...”

बाबालाल मास्तर चाळीस वर्षं तंबूच्या टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर मराठीतून समजावून सांगत आले होते. पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहायचं, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावायचा आणि लोकांकडे तोंड करून बोलत सुटायचं. सर्जेराव त्यांचा शिष्य. मास्तरांचा घसा आता बसत चालला होता. जत्रेतल्या आजच्या खेळाला भोंगा कायमचा सर्जेरावच्या हाती द्यायचं ठरलं होतं.

जत्रेत चालत ते घोडेवाल्यांचे पिक्चर. टोपी, धूळ, आणि मोजून चार शब्द बोलणारा मर्द. अख्ख्या गावात बोलकी बाई एकच, आणि तिला गप्प करायला याच्या कमरेला दोन-दोन पिस्तुलं! पहिल्या रिळात ती तोंड उघडते. मधल्या रिळात तो तिला भर रस्त्यातून फरफटत नेतो आणि गुडघ्यावर पालथी घालून बडवतो. शेवटच्या रिळात तीच त्याच्या घोड्याची वाट बघत दारात उभी. आणि याला म्हणे मर्दानगी म्हणायचं!

ते मधलं रीळ मास्तर सर्जेरावला सांगू देत. तो भोंग्यातून गर्जायचा, “मार खाल्ला अन् बाई खूश झाली! घोडी अन् बायको, लगामाबिगर वळत न्हाई!” पुढे बसलेले बाप्ये शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेत.

काल खेळ सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी सर्जेरावची बायको अनसूया त्याला म्हणाली, “ती बाई खूश नव्हती. उगा खोटं कशाला सांगता?”

चार माणसं हसली. सर्जेरावने तिच्या थोबाडीत मारली.

आणि मग... तिथंच उभा राहिला. ती आता हसेल म्हणून वाट बघत.

आज ती तंबूत नव्हती. फाट्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन, माहेरी जाणाऱ्या रात्रीच्या एस.टी.साठी बसली होती. परत येणार नाही, एवढं एकच वाक्य तिने सांगितलं होतं.

“चार माणसांत माझी अब्रू घेतली तिनं!” सर्जेराव उसळला. “बाप्याच्या जातीनं ऐकून घ्यायचं? तुमी घेतलं असतं का, मास्तर?”

मास्तरांनी पाण्याची बादली पायाने त्याच्याकडे सरकवली.

“ह्ये काय?”

“पडद्याला पाणी कोण मारणार? ती न्हाई आज.”

पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढे बाप्ये, मागे बायका. मागून कापड ओलं ठेवलं की चित्र पलीकडेही उमटे, फक्त उलटं. तीन वर्षं हे पाणी अनसूया मारत होती.

“अन् भोंगा?”

“आधी पाणी.”

सर्जेरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उस्ताद व्हायच्या दिवशी हातात बादली! पण मास्तरांपुढे बोलायची सोय नव्हती. दात-ओठ खात तो पडद्यामागे गेला आणि बायकांकडे पाठ करून पाणी शिंपडू लागला.

खेळ सुरू झाला. मास्तरांचा बसका आवाज पलीकडून ऐकू येत होता. मधलं रीळ लागलं, आणि तो आवाज थांबला.

भोंगा गप्प. पुढून तेवढ्या शिट्ट्या.

सर्जेरावने मागे वळून पाहिलं. बायका पडद्याकडे बघतच नव्हत्या. एका म्हातारीने नातीचं डोकं पदरात ओढून घेतलं होतं. शेंगा सोलणारे हात थांबले होते. एक नवी नवरी आपला गाल चाचपत होती.

मग त्याने पडद्याकडे पाहिलं. आजवर त्याचं तोंड कायम लोकांकडे असायचं. त्या बाईचा चेहरा त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता. आता तो हातभर अंतरावर होता. ओठ हसत होते. डोळे मात्र त्या मर्दाच्या हातावर होते, पुन्हा उठतोय की काय म्हणून.

हे डोळे त्याने काल पाहिले होते. चहाच्या गाड्यापाशी.

बादली कलंडली, ते त्याला कळलंही नाही.

खेळ सुटला. तंबू रिकामा झाला. मास्तर स्टुलावर बसून होते.

“काय दिसलं?”

“हिरो... डाव्या हातानं गोळी मारतो.”

“मागनं तसाच दिसतो. आनी?”

सर्जेरावने रिकामी बादली खाली ठेवली.

“मास्तर... मार खाल्ल्यावर ती इंग्रजीत काय म्हणती?”

“कुनाला ठावं. मला कुटं इंग्रजी येतंय?”

“मग ‘बाई खूश झाली’, ह्ये...”

“माझंच. चाळीस वर्सं.” मास्तरांनी मांडीवरचा भोंगा खाली ठेवला. “शिट्ट्या पडायच्या रं... मला ग्वाड लागायच्या. थू माझ्या तोंडावर.”

...

त्यांनी भोंगा उचलून पुढे केला.

“घे. तुझा.”

सर्जेरावने तो घेतला आणि सवयीने तोंडाला लावला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. भोंगा काढून उलटा फिरवला. निमुळतं टोक सर्जेरावच्या कानाला टेकवलं आणि रुंद तोंड फाट्याच्या दिशेला केलं.

“एस.टी.ला अजून अर्धा तास हाय,” ते म्हणाले. “जा. आन् असाच धर.”