हौसाक्काच्या भिंतीवरचा शब्द

फार वर्षांपूर्वी तांबुळवाडीत हौसाक्का राहत होती. चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्यावर गेरूची नक्षी, हे काम करावं तर तिनंच. तिनं काढलेल्या मोरावर मांजर झेप घालायचं, असं म्हणतात. आता मांजराला विचारायला कोण जाणार! पण बाईच्या हातात जादू होती, एवढं खरं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. गावातली प्रत्येक भिंत तिच्या ओळखीची, पण तिच्या उंबऱ्याशी कुणी फिरकत नसे. निपुत्रिक बाईच्या दारात लेकरं पाठवू नयेत, असा तेव्हा लोकांचा समज. लोकांच्या समजाला शेंडा ना बुडखा, पण हौसाक्काची संध्याकाळ त्यानं सुनी केली होती.

गावात एका खोलीची शाळा होती आणि हिरेमठ मास्तर होते. त्या साली दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, बजावून गेले, "दिवाळीआधी परत येईन. पहिलीच्या मुलांना वाचता आलं नाही, तर शाळा बंद." पुढची शाळा ओढ्यापलीकडं, आणि पावसाळ्यात तो ओढा बैल वाहून न्यायचा. सहा वर्षांचं लेकरू कोण पाठवणार? शाळा गेली की पोरांचं शिकणं संपलंच.

गणपतीच्या आधी हौसाक्का शाळेची भिंत रंगवत होती. आत कुंभाराची गोदी वाचत होती, "न ला काना ना, ह ला दुसरी वेलांटी ही..." ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत बिचारी ओळीची सुरुवात विसरून जायची. मग रडायची. मास्तरही कपाळाला हात लावून बसलेले.

हौसाक्काला राहवलं नाही. स्वतः तिला एक अक्षर येत नव्हतं, पण तिनं खिडकीतून विचारलं, "का हो मास्तर, घरातलं माणूस वळखायला तुम्ही नाक-कान मोजतासा व्हय?"

"म्हणजे?"

"सारखं सारखं येणारे शबुद कंचे, ते मला पाटीवर काढून द्या. त्येंची तोंडं पोरांच्या वळखीची करून टाकू."

मास्तरांनी एकवीस शब्द लिहून दिले. आहे, आणि, पण, मी, तू, मग, इथे, तिथे, असले. हौसाक्कानं ते वेलबुट्टीसारखे हातात बसवले आणि एकेका घराच्या दाराशेजारी एकेक शब्द रंगवायला निघाली. पोरांनी येता-जाता बघायचं, हात लावायचा, शब्द म्हणायचा आणि पळायचं.

वीस दारांवर वीस शब्द लागले. 'आहे'साठी तर दोन जावांची जुंपली. राहिला एक शब्द, 'नाही'. तो कुणाला नको! पाटील कडाडले, "माझ्या दारावर 'नाही'? आलेली लक्ष्मी परत धाडतीस काय?" सुताराच्या म्हातारीनं तर आडवी काठी धरली. हौसाक्का गाव फिरून थकली. शेवटी घरी आली आणि आपल्याच भिंतीवर तो शब्द काढला, हातभर मोठा.

आता आली का पंचाईत! पोरांना एकवीस शब्द पुरे करायचे तर तिच्या दारात जाणं भाग. आयाही गप्प बसल्या, कारण शाळा वाचवायची होती. पहिल्या दिवशी गोदी लांबूनच "नाही!" ओरडली. हौसाक्कानं तिला जवळ बोलावलं आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आधी तिच्याच दारात. वीस घरांचा गेरू पावसानं सात वेळा धुऊन नेला, तिच्या भिंतीवरचा शब्द मात्र पुसटसुद्धा झाला नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर ती रोज पहाटे उठून तो गिरवत असणार. दारात पोरं येणार म्हटल्यावर कुणाला झोप लागते?

दिवाळीआधी साहेब आले. त्यांनी मुद्दाम कधी न पाहिलेलं पुस्तक गोदीपुढं धरलं. खिडकीबाहेर हौसाक्का पदर तोंडात धरून उभी. गोदीनं बोट ठेवलं आणि वाचलं, "विहिरीत पाणी नाही..." आणि 'नाही' म्हणताच तिचा दुसरा हात आपोआप साहेबांपुढं पसरला.

साहेब गोंधळले. मास्तरांनी घाबरतच सगळं सांगितलं. साहेबांनी खिडकीबाहेरच्या हौसाक्काकडं पाहिलं आणि ते म्हणाले, "गूळ माझ्याकडं नाही, बाळ." आणि शेऱ्यात लिहिलं, शाळा चालू ठेवावी.

पुढं बऱ्याच वर्षांनी हौसाक्का वारली, तेव्हा गावातल्या लेकरांनी तिची सगळी भिंत गेरूच्या हातांच्या ठशांनी भरून टाकली, असं म्हणतात. पुढच्या साली दारांवर शब्द रंगवायची वेळ आली, तर 'नाही' आपल्या दाराला मिळावा म्हणून पाटीलच सगळ्यांत पुढं! पण तोवर मास्तर झालेल्या गोदीनं सांगितलं, "तुमचं घर भरलेलं हाय, पाटील. त्यो शबुद तुम्हाला न्हाई मिळायचा."

तेव्हापासून तांबुळवाडीत गणपतीच्या आधी दारोदार शब्द रंगतात. बाकीचे वीस चिठ्ठ्या टाकून. 'नाही' मात्र ज्या घरात कुणी लेकरू येत नाही, त्या घराला. यंदा तो सदूतात्यांच्या दाराला लागला. त्यांची दोन्ही मुलं परगावी असतात. गेरू अजून ओला होता, तरी तात्या सकाळपासून गुळाचा डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले होते.